मूळ विरजण

एकदा एक वृद्ध वैद्य नदीकाठच्या गावात राहत होते. पोटाच्या जुनाट दुखण्यावर त्यांचा भर काढ्यांपेक्षा ताकावर असे. त्या ताकाचे विरजण त्यांच्या गुरूंनी दिलेले, साठ वर्षे चालत आलेले होते. रोज थोडे दही राखायचे आणि त्यानेच दुसऱ्या दिवशीचे दूध विरजायचे. हे काम अकरा वर्षे त्यांचा थोरला शिष्य करत होता. गुरूंचे खरे संचित, ते मूळ विरजण, आपल्याच हाती आहे, असे तो मनात धरून बसला होता. विद्या कमी आणि मिरवणे जास्त, हे आपल्यालाही काही नवे नाही.

मग एक धाकटा शिष्य आला. दोन वर्षांत त्याला नाडी कळू लागली. रोगी त्याचे नाव विचारत येऊ लागले, तसा थोरल्याला घास गोड लागेना. एके दिवशी वैद्यांनी धाकट्याला पलीकडच्या तीरावर स्वतंत्र वैद्यकी सुरू करायला सांगितले आणि थोरल्याला म्हणाले, "त्याला वाडगाभर विरजण दे."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षे राबलो मी, आणि वाटेकरी हा! त्याने वाडगा गरम राखेत पुरून ठेवला, दह्यातला जीव जाईपर्यंत. मग वर केळीचे पान बांधून हसतमुखाने तो धाकट्याच्या हाती दिला. पुढचा महिनाभर तो मोठ्या समाधानात होता.

एका सकाळी वैद्यांनी घरातले सगळे दही रोग्यांना वाटून टाकले, मडके कढत पाण्याने धुतले आणि पलीकडून विरजण आणायला थोरल्याला सांगितले.

"त्याच्याकडे नसेल," थोरला कसाबसा म्हणाला. का नसेल, असे विचारताच तो खाली बसला आणि त्याने सगळे सांगून टाकले.

वैद्य रागावले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी तो आला होता. दही लागलं नाही, माझ्याच हातून दूध जास्त तापलं असेल, म्हणाला. वाडग्याच्या बुडाची राख मी पाहिली आणि त्याला पुन्हा विरजण दिलं. अरे, तू मूळ विरजण म्हणतोस, ते आहे कुठे? माझ्या गुरूंनी दिलेलं दही पहिल्याच दिवशी संपलं. पुढे दूध रोज वेगळं, गाई बदलल्या, पिणारे बदलले. ते विरजण घेणारा तरुण मी तरी आता कुठे उरलो? रोज मोडलं, वाटलं, म्हणून ते साठ वर्षं टिकलं. नुसतं राखून ठेवलं असतं, तर आठवड्यात नासलं असतं. पलीकडचं दही आणि हे दही एकच आहे. मग तू हेवा केलास तो कोणाचा?"

थोरला रिकामा वाडगा घेऊन नदी ओलांडून गेला. धाकट्याने पाट मांडला, पाणी दिले आणि संकोचाने विचारले, "दादा, दूध नेमकं किती कोमट हवं? माझं एकदा बिघडलं, तेव्हापासून रोज भीत भीत विरजण लावतो."

थोरल्याला नजर उचलवेना. "तुझं दूध बरोबर होतं," तो म्हणाला. "विरजण मी मारलं होतं."

धाकट्याने मडके पुढे ओढले आणि थोरल्याचा वाडगा काठोकाठ भरला.