दोन जगदाळे

मिरजेच्या डॉक्टर वत्सला कुलगोड आतड्यांच्या शस्त्रक्रिया करत. तीस वर्षांत त्यांनी एक नेम कधी मोडला नाही. भूल देण्याआधी रुग्णानं स्वतःच्या तोंडानं नाव आणि ऑपरेशन सांगायचं. एकदा साखर कारखान्याचे चेअरमन दौलतराव जगदाळे टेबलावर आले आणि हा प्रश्न ऐकून भडकलेच.

"माझा चेहरा अख्खा जिल्हा ओळखतो. मी नाव सांगू?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आज यादीत दोन जगदाळे आहेत, साहेब. एकाची मूळव्याध काढायचीय, दुसऱ्याचं वीतभर आतडं. आणि मला ज्या बाजूनं काम करायचंय, तिकडून सगळे सारखेच दिसतात."

दौलतरावांनी नाव सांगितलं, वडिलांचंही सांगितलं, आणि "मूळव्याध" तर बाहेर बसलेल्या कार्यकर्त्यांनाही ऐकू गेली.