डोणेवाडीचं एक मत

"तो माणूस मला आज संध्याकाळपर्यंत पाहिजे! त्याचं नाव कळल्याशिवाय ओढ्यावरच्या साकवाचा एक दगडसुद्धा बसणार नाही!"

आमदार बापूसाहेब मोकाशे डोणेवाडीच्या पारावर उभे राहून गरजले. निवडणूक तोंडावर आली होती, आचारसंहिता लागायच्या आत मतदारसंघ फिरून घ्यायचा होता. आणि डोणेवाडीत पाऊल टाकताच त्यांचं जुनं दुखणं उसळलं. गेल्या खेपेला या गावची सगळी मतं त्यांना पडली होती. एक सोडून!

बाकीच्या गावांत त्यांच्या विरोधात हजारोंनी मतं पडली, ती त्यांनी पोटात घातली. हे एकटं मत मात्र काही केल्या पचेना. घासात खडा आला की जिलबी गोड लागते का?

गावाची अडचण वेगळीच होती. ओढ्यावर साकव नव्हता. पावसाळ्यात पोरं गूळ शिजवायच्या भल्यामोठ्या काहिलीत बसून ओढा ओलांडायची आणि पलीकडच्या शाळेत जायची. साकवाचा नारळ प्रत्येक निवडणुकीला फुटायचा. खोबरं गावानं खाल्लं होतं, साकव कुणी पाहिला नव्हता.

सरपंच सर्जेराव चाचरत म्हणाले, "साहेब, मत गुप्त असतं हो."

"गुप्त असतं म्हणून तर विचारतोय! उघड असतं तर तुझी गरज काय होती?"

झालं! जो तो गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लागला. मतदानाला जे गावात नव्हते, त्यांनीही आपण साहेबांनाच मत दिल्याचं सांगितलं. शेवटी सर्जेरावांना एक गरीब गाय सापडली. म्हातारा दगडू शिंपी पंचायतीच्या ओसरीवर मशीन टाकून बसायचा.

"साहेब, ह्यानं! विरोधकाचे झेंडे ह्यानंच शिवले!"

"आणि माझे कुणी शिवले?"

"ते... ते पण ह्यानंच."

"ते काही नाही! संध्याकाळपर्यंत दुसरं नाव आलं नाही, तर ह्याचं मशीन ओसरीवरून खाली!"

दगडूनं हात जोडले. त्या मशीनवर त्याचं घर चालत होतं. लोक खाली बघायला लागले. तोंड उघडायची छाती कुणाची होईना.

तेवढ्यात साहेबांचा फोटोवाला पुढं आला. "साहेब, उजेड चांगला आहे. कडेवर लेकरू घेऊन एक फोटो होऊन जाऊ द्या."

राग आपल्या जागी आणि प्रचार आपल्या जागी! बापूसाहेबांनी चेहरा हसरा केला. कार्यकर्त्यांनी बायकांमधून एक गुटगुटीत पोर हेरलं आणि आईसकट पुढं आणलं. ती शेवंता, दगडू शिंप्याची सून.

बापूसाहेबांनी पोर कडेवर घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गालावर हे काळं काय फासलंय? फोटोत डाग दिसेल." त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"पुसू नगा, साहेब!" शेवंतानं हात आडवा घातला. "तीट हाय ती."

"तीट मला शिकवतेस? माझी आईसुद्धा लावायची."

"का वो लावायच्या आईसाहेब? तुमच्यावर राग हुता?"

"खुळी का काय तू! माया होती म्हणून लावायची. लेकरू फार गोजिरं दिसलं की लोकांची नजर लागते. जरा खोट ठेवली की नजर तिथंच अडते."

"आसं व्हय?" शेवंता म्हणाली. "मग साहेब, गेल्या खेपंला गावाची झाडून सगळी मतं तुमालाच पडली आसती, तर लोक काय म्हणाले आसते?"

बापूसाहेबांनी रुमाल खिशात ठेवला.

"म्हणाले आसते, गाव दमात घेतलं! बोगस मतदान केलं! चौकशी लागली आसती, मतदान पुन्यांदा घ्याया लागलं आसतं. एवढा गोजिरा निकाल! कुणीतरी मायेनं तीट लावली, नजर तिथंच अडली. आन् तुमी त्या मायेच्या माणसाला शिक्षा द्याया हुडकताय?"

बापूसाहेबांच्या मिशा हलल्या, पण माणूस मुरलेला!

"बरं, मग या खेपेलाही तीट लागणार म्हण की!"

"लागंल की. पर एकच लागंल का, ते काय सांगता येत न्हाई."

"म्हणजे?"

"घरोघर आया हायत, साहेब, आन् समद्यांची लेकरं काहिलीत बसून साळंला जात्यात. साकव न्हाई झाला, तर समद्यांनाच तुमची माया दाटून येईल. परतेकीनं एकेक बोट लावलं, तर तोंड कुठलं आन् तीट कुठली, वळखायचं न्हाई बगा!"

सरपंचांनी डोळे मिटून घेतले. आता साहेब कुणावर तुटून पडतात, एवढंच बघायचं राहिलं होतं. आणि बापूसाहेब हसले! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. एवढ्या गर्जनांत न रडलेलं पोर त्या हसण्यानं मात्र दचकून रडायला लागलं.

"दगडूचं मशीन हलवायचं नाही!" डोळे पुसत ते म्हणाले. "माझे सगळे झेंडे तोच शिवेल. आणि सर्जेराव, साकवाची खडी याच आठवड्यात पडली पाहिजे. नारळ आता आधी नाही. पलीकडं चालत गेल्यावर फोडू!"

इतकी वर्षं न सापडलेलं सिमेंट चार दिवसांत सापडलं. आचारसंहिता लागायच्या आत साकव उभा राहिला. त्यावरून पहिल्यांदा शेवंता लेकराला घेऊन गेली, मागून नारळ घेऊन बापूसाहेब!

पुढं निकाल लागला, बापूसाहेब निवडून आले. गुलालानं माखलेले सर्जेराव डोणेवाडीचा आकडा घेऊन आले आणि घाबरून त्यांच्या कानाशी लागले, "साहेब, घोटाळा झाला! ह्याही खेपेला एक मत..."

बापूसाहेबांनी आपला गाल चाचपला आणि खो खो हसत म्हणाले, "असू दे रे! पुसू नकोस!"