सशांना विचारलं कोणी?

एका जंगलात पाणवठ्याजवळच्या आंब्यावर, खोडातल्या ढोलीत एक साळुंकी राहत असे आणि तिच्या वरच्या बेचक्यात एक खार राहत असे. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. साळुंकी दाणे टिपायला गेली की खार ढोलीवर नजर ठेवी, खार फळं शोधायला गेली की तिच्या घरट्याची राखण साळुंकी करी. यंदा साळुंकीनं पहिल्यांदाच अंडी घातली होती, दोनच, आणि त्या दोन अंड्यांपुढे तिला सगळं जग फिकं वाटत होतं.

त्यात जंगलात निवडणूक झाली. हसू नका मुलांनो, जिथं मोबाइल पोचले तिथं निवडणूक पोचायला किती वेळ लागणार? एकीकडे रानडुकराचा पिंपळपान पक्ष, दुसरीकडे सांबराचा बोरकाटी पक्ष. सशांच्या माळावरून पिंपळपानाला भरभरून मतं पडली आणि रानडुक्कर निवडून आला. झालं! सशांनी असं का केलं, यावरून जंगलाच्या ग्रुपवर जी जुंपली ती थांबेचना. ग्रुपवर खरं नाव कोणीच लावत नसे. ‘रानचा आवाज’ नावाचं कोणी लिही, ससे भित्रे, रानडुकराच्या सुळ्यांना घाबरले. ‘स्पष्टवक्ता’ नावाचं कोणी उलट लिही, भित्रे कसले, हावरे आहेत, गाजर दाखवलं की कुणाच्याही मागे जातात. आता ‘रानचा आवाज’ म्हणजे आपली साळुंकी आणि ‘स्पष्टवक्ता’ म्हणजे आपली खार, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक. त्या दोघींना त्याचा पत्ताच नव्हता. दिवसभर एकाच झाडावर बसून एकमेकींची सालटी काढायची आणि संध्याकाळी त्याचं गाऱ्हाणं एकमेकींपाशीच करायचं, असा त्यांचा क्रम चालला होता.

“ग्रुपवरच्या एकानं नुसता ससेमिरा लावलाय गं माझ्यामागे,” खार म्हणे.

साळुंकी तिची समजूत घाली, असल्या मूर्खांच्या नादी लागू नये असं सांगे आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये चोच खुपसून बसे.

एके दुपारी साळुंकी फांदीवर ढोलीकडे पाठ करून लिहीत बसली होती आणि वर खार तिला उत्तर खरडत होती. राखण दोघींची, पण नजर दोघींची फोनात. तेवढ्यात एक लांबलचक धामण सरसर खोडावर चढली आणि ढोलीच्या तोंडाशी आली. खाली गवतात एक ससा चरत होता. त्यानं ते पाहिलं आणि मागचे पाय दणादणा जमिनीवर आपटले. साळुंकी वळली आणि थेट धामणीच्या अंगावर गेली. खारीनं हातात होतं ते फेकून मारलं. हातात होता फोन! तो बसला नेमका धामणीच्या टाळक्यात, आणि धामण जी खाली आपटली ती गवतातून पसारच झाली. अंडी जागच्या जागी होती. साळुंकी त्यांना पंखाखाली घेऊन पोटभर रडली.

सशानं फोन उचलला, झटकला आणि त्यावरचं मोठ्यानं वाचलं.

“‘रानच्या आवाजा, सशांना अक्कल असती तर’,” तो म्हणाला. “पुढचं राहिलंय वाटतं. कोणाचा फोन हा?”

खारीनं शेपटीत तोंड लपवलं. साळुंकी रडता रडता थांबली.

“अगं बाई, तो स्पष्टवक्ता तूच का?”

“म्हणजे रानचा आवाज तू?”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या की खारीला फांदी घट्ट धरावी लागली. हसू ओसरल्यावर मात्र दोघींना लाज वाटली. दोघी खाली उतरल्या, सशाची माफी मागितली आणि तुम्ही पिंपळपानाला मत का दिलंत ते सांगाल का, असं विचारलं.

ससा म्हणाला, “माझ्या आईनं पिंपळपानाला दिलं, कारण रानडुकरानं झुडपं तुडवून पाणवठ्याची वाट मोकळी केली, आधी तिला त्या झुडपांतून चालता येत नव्हतं हो. बायकोनंही त्यालाच दिलं, कारण प्रचाराला आलेलं सांबर आमच्या गवताच्या बिछान्यावर पाय देऊन गेलं. आणि मी दिलं बोरकाटीला.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत, ससेभाऊ?” साळुंकीनं विचारलं.

“तुम्ही विचारलंत कुठं? मी तर रोज इथंच खाली चरतो.”

थोड्याच दिवसांत अंडी फुटली. दोन पिल्लं निघाली, चोची अंगापेक्षा मोठ्या आणि भूक चोचींपेक्षा मोठी. बारशाला सशाचं अख्खं कुटुंब आलं, आंब्याखाली जेवण झालं, आणि साळुंकीनं आनंदाची बातमी स्वतःच्या नावानं ग्रुपवर घातली. लगेच एका कावळ्यानं विचारलं, “पिल्लं कोणाच्या बाजूची? पिंपळपान की बोरकाटी?”

खार आणि साळुंकीनं एकमेकींकडे पाहिलं आणि मिळून उत्तर लिहिलं, “अजून त्यांना विचारलेलं नाही.”

तात्पर्य : दुसऱ्याच्या मनातलं कारण आपल्या डोक्यात शोधत बसू नये, तो जवळच असतो, खाली उतरून त्यालाच विचारावं.