सांडशीतली ठमाई

फार वर्षांपूर्वी, वेळणी नदीवर पूल नव्हता आणि खोऱ्यात गाडीरस्ताही उतरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

शेवरठाण गावाच्या वरच्या अंगाला वेळणी दोन उभ्या कड्यांच्या फटीतून बाहेर पडते. त्या फटीला लोक सांडस म्हणतात, कारण आत शिरलं की दोन्हीकडचे कडे माणसाला सांडशीत धरल्यासारखे वाटतात. वर आभाळाची नुसती चिंधी दिसते. वळणं घेत घेत आत गेलं, की शेवटी धबधब्याखालचा निळा डोह लागतो. त्याला देवीचं न्हाणं म्हणतात.

चैत्राच्या जत्रेला लांबलांबची माणसं यायची ती ही सांडस बघायला. बैलगाड्या वाळूत सोडायच्या, भाकरीची फडकी झाडाला टांगायची आणि घोटाभर पाण्यातून ओळीनं आत जायचं. तरणे गडी कड्यावरून डोहात उड्या टाकायचे, बायका पानाच्या द्रोणातून दिवे सोडायच्या.

त्यांना वाट दाखवायची ठमा. आधी हे काम तिचा नवरा लहानू करायचा. एका वैशाखात तो एकटाच आत गेला. वर डोंगरात वळीव कोसळला, आणि खाली गावात त्याची काठी तेवढी वाहत आली. ठमानं ती काठी उचलली. पाण्याखालचे खळगे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

पण ठमा भ्यायची. सांडशीच्या तोंडाशी आली की ती आधी थांबायची. कधी कधी भरली रांग ती तिथूनच मागं फिरवायची. का, असं विचारलं तर म्हणायची, आज मला भ्या वाटतंय. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. नदी आपली झुळझुळ वाहत राहायची, आणि आलेली माणसं हिरमुसून घरी जायची. गाव तिला भेदरट ठमा म्हणायचं. तिलाही ते खरंच वाटायचं.

एका साली जत्रेच्या सकाळी गेनू पाटील तिच्या दारात आला. जत्रा त्याच्या घराण्याची. त्याची सून येसू लग्नानंतर पहिल्यांदाच देवीच्या न्हाण्याला निघाली होती.

"ठमे, औंदा माणसं मागं फिरवलीस, तर काठी दुसऱ्याच्या हातात देईन," तो म्हणाला.

ठमानं मान खाली घातली. सांडशीच्या तोंडाशी तिला भ्या वाटलं, पण लाजेपायी तिनं रांग फिरवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती भीती गिळून आत गेली. मागून सारी जत्रा गेली.

आभाळ स्वच्छ होतं. डोहावर हसणं-खिदळणं चाललं होतं. आणि एकाएकी कड्यांच्या कपारीतल्या पाकोळ्या एकदम उडाल्या. एक मागं राहिली नाही. मग धबधब्याचा आवाज बारीक झाला, जणू कोणी वर पाणी अडवून धरलं होतं. वाऱ्याला कुजक्या पाल्याचा वास आला.

ठमानं ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. तिनं काठी दगडावर आपटली, हातानं खुणा केल्या. लोकांना वाटलं, ठमा नेहमीसारखी भ्याली. काही जण हसले.

मग तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव गेलं.

तिनं ते नाव जन्मात कधी घेतलं नव्हतं, तो गेल्यावरही नाही. "लहानू!" असं ती किंचाळली. आणि असं म्हणतात, की कड्यांनी ते नाव परत दिलं नाही. कड्यांतून दुसऱ्याच हाका आल्या. ज्याला त्याला आपलं मेलेलं माणूस हाक मारताना ऐकू आलं. कोणाला बाप, कोणाला पटकीत गेलेली बहीण. सगळ्या हाका एकच सांगत होत्या, बाहेर ये.

मग कोणी हसलं नाही. जत्रा पळत सुटली. लेकरं खांद्यावर घेतली, लुगडी दगडांना अडकून फाटली, गेनू पाटील अनवाणी धावला. सगळे बाहेर वाळूवर आले, तेव्हा कळलं, येसू नाही.

तिचा पाय आत दगडांच्या बेचक्यात अडकला होता. ठमा तिच्याजवळ मागं राहिली होती. काठी बेचक्यात घालून तिनं दगड उचकटला, आणि येसूला खांद्यावर चढवून वरच्या कपारीवर ढकललं. तेवढ्यात वळणावरून पाणी आलं. ते काळं होतं, पुरुषभर उंच होतं, आणि त्याच्या तोंडात अख्खी झाडं होती.

सांज होईस्तोवर पाणी येसूच्या पायाखालून धडधडत होतं. कपारीला धरलेली तिची बोटं सुटत आली, तेव्हा खालून, ऐन पाण्यातून, ठमाचा आवाज आला.

"भी, पोरी. खुशाल भी. भ्यालेला हात लवकर सुटत नाही."

असं म्हणतात, की पूर ओसरेपर्यंत तो आवाज तिच्याशी बोलत होता. माणसं दिवट्या घेऊन आत शिरली, येसूला उतरवलं. तिनं विचारलं, ठमाई वर आल्या का? पण खाली ओल्या दगडांशिवाय काही नव्हतं. ठमा सापडली नाही. काठीसुद्धा नाही. गेनू पाटील तिथंच चिखलात बसला, आणि पुन्हा त्यानं कोणावर आवाज चढवल्याचं गावाला आठवत नाही.

आता खोऱ्यात डांबरी रस्ता आहे. सुटीच्या दिवशी गाड्या येतात, नदीकाठी तंबू लागतात, शहरातली पोरं डोक्याला टोपडी आणि कमरेला दोर बांधून सांडस बघायला निघतात. पण तोंडाशी शेवरठाणचा वाटाड्या सगळ्यांना थांबवतो. त्या जागेला ठमाईचा थांबा म्हणतात. तिथं तो एकच विचारतो, कोणाला भीती वाटते का? एका जरी माणसानं हो म्हटलं, तरी सगळी रांग मागं फिरते. कारण विचारायचं नाही, हसायचं नाही.

कधी कधी कोणीच हो म्हणत नाही. वाटाड्या तरीही सांडशीकडं कान देऊन उभा राहतो, त्याचा चेहरा उतरतो, आणि तो सगळ्यांना घेऊन मुकाट्यानं मागं वळतो. त्या दिवशी आतून कोणीतरी हो म्हटलेलं असतं, असं म्हणतात.