टिटवीच्या हाकेचा भाव

ओढा जिथे वळण घेतो तिथल्या उघड्या माळावर एक टिटवी राहत होती. माणसं टिटवीच्या ओरडण्याला अशुभ मानतात आणि खडे मारून तिला हाकलतात. पण मुलांनो, माळावरच्या जनावरांना विचारा. तिथलं गवत उंच आणि लांडगा गवताच्याच रंगाचा, त्यामुळे तो कधी कुठून येईल याचा नेम नसे. टिटवी मात्र त्याला सगळ्यांच्या आधी हेरायची आणि घसा फोडून ओरडायची. की लगेच काळवीट उधळायचे, रानडुकरं काट्यांत शिरायची, ससे झुडपाखाली गडप व्हायचे. ही हाक नेमकी कोणासाठी, असा प्रश्न माळावर कधी कोणाला पडलाच नव्हता.

त्या वर्षी टिटवीने ओढ्याकाठच्या गोट्यांमध्ये चार अंडी घातली. उन्हाळा कडक होता. दिवसभर पहारा करायचा, ऊन चढलं की ओढ्यात पोट भिजवून यायचं आणि अंड्यांवर गारवा धरून बसायचं, यातच तिचा दिवस जाई. किडे वेचायला वेळ कुठला? बिचारी वाळून काडी झाली होती. त्यातून आदल्या वर्षी काळविटांच्या कळपाने पळता पळता तिचं सगळं घरटं तुडवलं होतं. आणि ते पळत होते कोणाच्या हाकेवर? तर तिच्याच! पण "चुकलं हो" असं म्हणायलाही कोणी फिरकलं नव्हतं. ते तिच्या मनात सलत होतं, आणि खरं सांगायचं तर ते सलणं रास्तच होतं.

नेमका अशा वेळी तिच्याकडे कोल्हा आला. "टिटवीताई, डोळे तुझे, घसा तुझा आणि जीव वाचतात दुसऱ्यांचे. तुला यात काय मिळतं?"

"काय मिळायचंय? शेजारधर्म आहे," टिटवी म्हणाली.

"तू फुकट देतेस, म्हणून तर तुला कोणी विचारत नाही. ज्याला हाक हवी, त्याने रोज सकाळी तुला मातीतली एक हुमणी अळी उकरून आणून द्यावी. त्यांचे जीव वाचतील आणि तुझं पोट भरेल. यात कोणाचं काय वाईट झालं?"

"पण कोल्होबा, मी ओरडले की सगळ्यांनाच ऐकू जातं."

"मग ओरडायचं कशाला? ज्याने दिलंय, त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगायचं."

हा कोल्हा लांडग्याच्या मागे फिरून उरलंसुरलं खाणारा. त्याला या व्यवहारात काय मिळणार होतं, हे विचारायचं टिटवीला सुचलं नाही. तिच्या पोटात भूक होती आणि त्याचं बोलणं तिला पटलं.

बाभळीखाली सभा भरली. कोल्हा मध्यभागी बसला आणि म्हणाला, "ज्यांना हे मान्य असेल, त्यांनी कान ताठ करावेत." रानडुकराने लगेच कान ताठ केले, कारण माती उकरणं हा त्याचा रोजचाच उद्योग. काळविटांनीही केले. खुराने ढेकूळ उलथलं की खाली हुमणी असायचीच. टिटवीची शेजारीण सशीण मात्र कळवळून म्हणत होती, "अहो, माझ्या पंजात काटा मोडलाय. मी कशी उकरू?" पण मुलांनो, सशिणीचे कान जन्मापासूनच ताठ! कोल्ह्याने कान मोजले आणि जाहीर केलं, "सर्वानुमते मंजूर." सगळी हसली आणि आपापल्या वाटेने चरायला गेली.

नवी रीत सुरू झाली आणि छान चाललीही, हे कबूल करायला हवं. टिटवीचं पोट भरू लागलं, पिसांवर तकाकी आली. काळवीटसुद्धा आता तिच्या अंड्यांना वळसा घालून जाऊ लागले. सशिणीनेही धडक्या पंजाने कशाबशा दोन-तीन हुमण्या उकरून आणल्या. मग तिचा दुखरा पंजा इतका सुजला की तिला धड उभंही राहता येईना. तरवडाच्या झुडपाखाली तिचं एक पिल्लू होतं. त्याला तिथेच बसवून ती लंगडत टिटवीकडे आली.

"ताई, चार दिवस थांब गं. पाय बरा झाला की आणीन."

टिटवीला वाईट वाटलं. पण ती म्हणाली, "अगं, माझ्या मनात काही नाही. पण तुला सूट दिली तर उद्या बाकीचे काय म्हणतील? नियम सगळ्यांना सारखा."

"बरं," असं म्हणून सशीण मान खाली घालून परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लांडगा आला. टिटवीला तो लांबूनच दिसला. ती उडत उडत काळविटांच्या कानाशी गेली, रानडुकराच्या कानाशी गेली. आता उधळायची गरज नव्हती. सगळे गुपचूप सरकत ओढ्यापलीकडे निघून गेले. पिल्लाला झुडपात ठेवून बाहेर उघड्यावर बसलेल्या सशिणीने त्यांना जाताना पाहिलं आणि तिला वाटलं, पाण्यावर निघाले असतील. ती आपला पंजा चाटत तिथेच बसून राहिली.

टिटवीच्या गळ्यात हाक दाटून आली. अगदी चोचीपर्यंत आली. आणि तिने ती गिळली. हिचं हिला कळेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण कळायला काही खूणच उरली नव्हती. पुढचं सगळं टिटवीने पाहिलं. जन्मभर पहारा केलेल्या डोळ्यांना ऐन वेळी मिटणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानडुक्कर हुमणी घेऊन आलं. टिटवीला ती घशाखाली उतरेना. ती रडत म्हणाली, "घेऊन जा ती. आजपासून कोणी काही आणू नका. मी सगळ्यांसाठी ओरडणार, पहिल्यासारखी." ती काळविटांकडे गेली, तितरांकडे गेली, घोरपडीकडे गेली. सगळ्यांना सांगून आली. फक्त तरवडाच्या झुडपाकडे जायचं तिला धाडस झालं नाही. त्या पिल्लाने आईबद्दल विचारलं तर काय सांगायचं? हाक त्यालाही ऐकू जाईलच की, असं म्हणून तिने तिकडची वाट टाळली.

आठवडा गेला. एका सकाळी लांडगा पुन्हा आला. टिटवी आभाळात झेपावली आणि सगळा घसा पणाला लावून ओरडली. किती दिवसांनी माळावर ती हाक घुमली! काळवीट उधळले, डुकरं काट्यांत शिरली, तितरं भुर्रकन उडाली. तरवडाखालच्या पिल्लाने कान टवकारले, वर पाहिलं आणि ते पुन्हा निमूटपणे बसलं.

टिटवी पुन्हा ओरडली. पिल्लू हललं नाही. तेव्हा ती बाणासारखी खाली आली. "अरे पळ! ऐकू येत नाही का तुला? पळ!"

"येतं ना मावशी," पिल्लू अदबीने म्हणालं. "पण ती हाक आमची नाही. आई म्हणाली होती, आपण मावशीला काही दिलेलं नाही, तर तिची हाक घ्यायची नाही. मला अजून हुमणी उकरता येत नाही."

"अरे, तुझीच आहे रे ती! सगळ्यांची आहे! मीच चुकले, बाळा, मीच..."

टिटवीला अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण तेवढं बोलण्यात जो वेळ गेला, तो लांडग्याला पुरला.

तात्पर्य : जे सगळ्यांचं आहे त्याला भाव लावू नये. लावलेला भाव मागे घेता येतो. पण ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं, त्याच्या मनात 'हे माझं नाही' असं जे एकदा बसतं, ते मागे घेता येत नाही.