तवसाचं धोंडस

“मग कावळा शिवत का नाही, बुवा?”

त्र्यंबक करंदीकरांनी हे विचारलं तेव्हा ते मठाच्या पायरीवरच उभे होते. नमस्कार करायचाही राहून गेला होता. हातात फडक्यात बांधलेला पितळी टोप होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

केवळबुवा अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाचं पान?”

“दामूचं. धाकट्या भावाचं. गेल्या कार्तिकात गेला. हा त्याचा पहिलाच पितृपक्ष.”

“हं...”

“कौलांवर पान ठेवलंय. कावळे येतात, पन्हळीवर बसतात, मान वाकडी करून बघतात आणि उडून जातात. घरात सगळे उपाशी बसलेत.”

खाडीवर ढग उतरले होते. भाद्रपद सरत आला तरी ऊन पडायचं काही मनावर घेत नव्हतं.

“काहीतरी राहिलं असेल त्याचं,” बुवा म्हणाले.

हेच ऐकायची त्र्यंबकपंतांना धास्ती होती. ते पायरीवर मटकन बसले.

“काय राहील? त्याच्या आवडीचं धोंडस केलं मी. स्वतः केलं. पोथीबरहुकूम!”

पोथी म्हटल्यावर पंतांचा आवाज थोडा चढला. त्याला कारण होतं. जुन्या मोडी पाकपोथ्या लावून वाचाव्यात तर त्र्यंबकपंतांनीच, असं पंचक्रोशीत म्हणत. निदान पंत तरी तसं सांगत. शरदात घरोघर होणारे आणि पुढे विसरले गेलेले पदार्थ त्यांनी पोथ्यांतून शोधले, करून पाहिले आणि त्यांचं पुस्तक छापलं. धोंडस हा त्यातला मानाचा पदार्थ. तवसं, म्हणजे वेलावर जून झालेली थोरली काकडी, किसायची. तुपात भाजलेला तांदळाचा रवा तिच्याच पाण्यात शिजवायचा. मग गूळ, खोबरं घालून हळदीच्या पानांवर थापायचं आणि खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून सावकाश भाजायचं.

“रवा पोथीत सांगितलाय तसाच भाजला,” पंत म्हणाले. “निखारे आंब्याच्या लाकडाचे घेतले. गूळ जुना घेतला. एका अक्षराची चूक नाही.”

“पुस्तक दोघांनी केलंत ना?”

पंत फडक्याची गाठ घट्ट करू लागले.

“नाव एकट्याचं आहे, म्हणून विचारलं.”

“वाचलं मी. लिहिलं मी. चुलीपुढे सोवळं नेसून बसलो मी. दामूनं काय केलं? नुसतं खाल्लं!” पंत म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “हेच त्याला म्हणालो होतो... चारचौघांत. तो ‘बरं’ म्हणाला. त्यानंतर जाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.”

“खादाड होता?”

“धीर म्हणून नव्हता त्याला. नैवेद्य व्हायचा असे, आणि हा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. ‘दादा, गुळाचा खडा दे रे.’ दरवर्षी! घोडा झाला तरी सवय गेली नाही.”

“मग? द्यायचास?”

“नैवेद्याआधी कसा देणार? हाकलून द्यायचो.”

बुवांनी खरवडणं थांबवून हात धुतले. टोपाचं फडकं सोडलं, हळदीचं पान बाजूला सारलं आणि धोंडसाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

“बुवा!” पंत ताडकन उठले. “अजून कावळा शिवला नाही!”

“मी शिवलो.”

ते चावत राहिले. चेहऱ्यावर काही दिसेना. दुसरा तुकडा मोडला, तोही खाल्ला.

पंतांना राहवेना. राग होता, भीतीही होती, पण करणाऱ्याचा जीव कुठे ऐकतो?

“कसं झालंय?”

बुवांनी तिसरा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

पंत घुटमळले. मग त्यांनी तो जिभेवर ठेवला... आणि पायरीखाली थुंकला.

“कडू! बुवा, हे कडू आहे! तवसंच कडू निघालं.”

“चाखलं नव्हतंस?”

“मी सोवळ्यात होतो. नैवेद्य करणाऱ्यानं चाखायचं नसतं.”

“पोथीत काय लिहिलंय?”

“‘तवसें गोड पाहून घ्यावें.’”

“कोणी पाहावें?”

पंतांनी टोपावर हळदीचं पान पुन्हा ओढलं.

“एवढी वर्षं धोंडस करतोस,” बुवा म्हणाले. “कधी कडू झालं होतं?”

“कधीच नाही.”

“नशीबवान वेल तुमची. कडू तवसं लागतच नाही तिला.”



“दामू परसात असायचा...” पंत सावकाश म्हणाले. “वेलीपाशी. तवसाचं टोक कापायचा, चावायचा, आणि बाहेरूनच ओरडायचा, ‘दादा, हे गोड आहे रे!’ मग ते आत यायचं. मी किसायला घ्यायचो.”

“आणि जे गोड नसायचं?”



बुवा उठले. मठाच्या कुंपणावर तवसाची वेल होती. पाऊस सरताना वेली होतात तशी पिवळी पडलेली. बुवांनी एक तवसं तोडलं, विळीवर टोक कापलं आणि फोड पंतांपुढे धरली.

“चाख.”

पंतांनी चावली. त्यांचा चेहरा पिळवटला.

“कडू.”

बुवांनी दुसरं तवसं तोडलं.

“चाख.”

“बुवा, हेही कडूच.”

बुवा तिसऱ्याकडे वळले. पंतांनी फोड घेतली, डोळे मिटून चावली आणि घशाशी हात नेला. घसा, टाळू, जीभ, सगळं कडूजहर झालं होतं. त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली. कडूपणा जाईना. परत भरली. तरी जाईना.

“बुवा,” ते कसेबसे म्हणाले, “गुळाचा खडा असला तर द्या हो...”

आणि ते थांबले.

तांब्या हातात तसाच राहिला. पाणी धोतरावर सांडत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

...

“मी त्याला खादाड म्हणायचो, बुवा. घरातले सगळे हसायचे. तोही हसायचा... तोंड तसलं कडू घेऊन हसायचा.”

बुवांनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“एकदा सांगायचं तरी त्यानं!”

“गोड लागलं की सांगत होता ना?”

पंतांनी तोंडावर उपरणं धरलं. साठीकडे झुकलेला तो विद्वान माणूस मठाच्या पायरीवर बसून मुलासारखा हुंदके देत होता. कुंपणावर एक कावळा येऊन बसला, त्याला त्याचं काही नव्हतं.

मग पंत सावरले. त्यांनी डोळे पुसले, पाठ ताठ केली. काहीतरी करायचं ठरवलं की ते असेच ताठ बसत.

“पुस्तक पुन्हा छापतो. दामूचं नाव आधी घालतो, माझं नंतर. प्रस्तावनेत सगळं खरं लिहितो.”

“लिही.”

“मग शिवेल ना कावळा?”

“कावळ्याला वाचता येतं?”

पंतांचे खांदे पडले.

“मग काय करू? आता तो नाही. कोणाला काय देऊ?... पानावर दुसरं काय वाढू, तेवढं सांगा.”

बुवा आत गेले. कोनाड्यातला डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी पंतांच्या तळहातावर एक गुळाचा खडा ठेवला.

पंत त्याच्याकडे बघत राहिले. तोंड अजून कडू होतं, जीभ टाळूला चिकटत होती. नकळत त्यांचा हात तोंडाकडे गेला.

बुवांनी मनगट धरलं.

“हा त्याचा. तुझं तोंड राहू दे कडू.”