चाळिसावी मानकरी

एका राजधानीत गणिताचा एक मोठा मान होता. राजा दर वर्षी एकाच गणितीला शाल पांघरायचा आणि त्याचं नाव दरबाराच्या खांबावर कोरून घ्यायचा. पहिला मान मिळाला त्र्यंबकशास्त्र्यांना. त्यांचा नियम असा होता: कुठलाही आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात तोच आकडा मिळवा आणि वर एक्केचाळीस मिळवा. येणाऱ्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही.

मग प्रथाच पडली. शास्त्रीबुवांनी नियम एकावर लावून दाखवला, दुसऱ्या मानकऱ्याने दोनावर, तिसऱ्याने तिनावर. उत्तर काढायचं, दरबारात ‘भाग जात नाही’ म्हणायचं, की नगारा वाजलाच. एकोणचाळीस वर्षं तो वाजला. हा नियम मुळात सिद्ध कुणी केला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. इतकी थोर मंडळी पडताळताहेत म्हटल्यावर आणखी काय हवं?

चाळिसाव्या वर्षी मान जाहीर झाला भानुमतीला. बारा वर्षं खपून तिने एक ग्रंथ लिहिला होता आणि त्याचा सारा डोलारा त्या नियमावर उभा होता.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन बसली. चाळिसाचा वर्ग सोळाशे. त्यात चाळीस, वर एक्केचाळीस. सोळाशे एक्क्याऐंशी. तिने सहज एक्केचाळिसाने भागून पाहिलं. बाकी शून्य!

तिने पाटी पुसून पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य. शेवटी तिने सोळाशे एक्क्याऐंशी चिंचोके मोजून घेतले आणि एकेका रांगेत एक्केचाळीस लावले. बरोबर एक्केचाळीस रांगा झाल्या. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही.

“आई, माझी बारा वर्षं पाण्यात गेली गं,” ती म्हणाली.

आई नव्या लुगड्याची घडी हातात धरून तशीच उभी राहिली. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

तिने चिंचोके पिशवीत भरले आणि ती दरबारात गेली. जुने मानकरी शाली पांघरून ओळीने बसले होते. नगारेवाल्याने टिपरी उचलली.

“महाराज, भाग जातो,” भानुमती म्हणाली.

नगारेवाल्याची टिपरी वरच राहिली. कृष्णंभट नावाचे एक मानकरी ताडकन उठले. “एकोणचाळीस जण वेडे, आणि ही एकटी शहाणी?”

भानुमतीने जमिनीवर चिंचोके मांडायला घेतले. शेवटची रांग पुरी झाली तेव्हा कृष्णंभटांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

तेवढ्यात पलीकडून हुंदका ऐकू आला. ऐंशी वर्षांचे त्र्यंबकशास्त्री रडत होते.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “मान मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी कळलं. चाळिसावर नियम मोडतो. पण खांबावर नाव कोरून झालं होतं. म्हटलं, चाळिसावं वर्ष यायच्या आत आपण जाऊ.”

राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला. भानुमती शास्त्रीबुवांसमोर जाऊन उभी राहिली. मान गेल्याचं दुःखही ती विसरली.

“शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “दर महिन्याला मी तुमच्याकडे येत होते. एकेक पान तुम्हाला वाचून दाखवत होते. तुम्ही म्हणायचात, ‘छान आहे पोरी, पुढे लिही.’”

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. त्या वर्षी नगारा वाजला नाही. शाल तबकातच राहिली.

तात्पर्य: चूक कळली की ती त्याच दिवशी सांगून टाकावी, कारण आपण झाकलेल्या चुकीवर दुसरा कुणीतरी विश्वासाने आपलं आयुष्य उभारत असतो.